नाव नको, काम सांगा

कन्नडच्या पुढे गौताळ्याच्या जंगलात शिरले, की सातमाळ्याच्या कड्यापाशी रस्ता संपतो आणि पायऱ्या दरीत उतरू लागतात. खाली ओढा, आणि त्याच्या काठाने कड्यात कोरलेली, बरीचशी ढासळलेली लेणी. हे पितळखोरे. वेरूळ-अजिंठ्याची गर्दी इथवर येत नाही. जे येतात ते दारातले हत्ती आणि चैत्यगृहाच्या खांबांवरची उडत चाललेली चित्रे बघतात आणि दम खात खात वर चढून जातात. मी मात्र तिथे दोन माणसांना भेटायला गेलो होतो.

पहिला मितदेव. चैत्यगृहातल्या एका खांबावर ब्राह्मी अक्षरांत त्याची नोंद आहे: पैठणच्या गांधिक कुळातल्या मितदेवाने हा खांब दान केला. दुसरा माणूस शेजारच्या विहारात भेटतो, वच्छीपुत्र मगिल. नावाच्या मागे हुद्दा आहे, 'राजवेज'. म्हणजे राजवैद्य. त्याची मुलगी दत्ता आणि मुलगा दत्तक यांच्याही दानाच्या नोंदी तिथेच आहेत, सगळ्या घराने वर्गणी भरलेली दिसते. ही अक्षरे दोन हजार वर्षांहून जुनी मानली जातात. मधुसूदन नरहर देशपांडे यांनी १९५०च्या दशकात इथला मलबा काढवून या लेण्यांचा नीट अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे दोघे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहेत.

गांधिक म्हणजे गंधाचा व्यापारी. चंदन, अगरू, कोष्ठ, जटामांसी हा त्याचा माल, आणि यातली प्रत्येक वस्तू सुवासाची तशीच औषधाचीही. आपल्याकडचे गांधी हे आडनाव याच धंद्याचे. आणि 'वेज' हा प्राकृतातला वैद्य, आपल्या वैदूचा पूर्वज शोभावा असा. तेव्हा औषध विकणारा आणि औषध देणारा असे दोघेही एकाच कड्यात, हाकेच्या अंतरावर, दगडात बसलेले आहेत. मला हा योगायोग फार आवडतो. कारण वनस्पती ओळखण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्या या दोघांच्या आहेत. गांधी ती नावाने ओळखतो. रूप, वास, देश, भाव यांनी. वैद्याला एवढ्याने भागत नाही. त्याला विचारावे लागते की ही पोटात गेल्यावर करते काय?

चरकसंहितेने हा भेद रोखठोक सांगितला आहे. रानातल्या वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना, गुराख्यांना आणि वनवासी लोकांना ठाऊक असतात. पण नाव-रूप कळले म्हणून औषध कळले असे होत नाही, योजना कळली पाहिजे. यात गुराख्यांना हिणवले आहे असे काहींना वाटते. मला तर उलट वाटते. नावे कुठून आली याची ती प्रामाणिक कबुली आहे. नाव रानातून घ्यायचे आणि काम वैद्याने शोधायचे.

ते काम शोधून झाल्यावर मांडायचे कसे? चरकाच्या सूत्रस्थानातला चौथा अध्याय या प्रश्नाचे मोठे उत्तर आहे. तिथे पन्नास गट केले आहेत, त्यांना महाकषाय म्हणतात, आणि प्रत्येक गटात दहा द्रव्ये. गटांची नावे झाडांवरून नाहीत, पानाफुलांवरून नाहीत, सगळी कामावरून. जगवणारी ती जीवनीय, अंग भरून आणणारी बृंहणीय, खरवडून काढणारी लेखनीय, भूक पेटवणारी दीपनीय, गळ्याला हितकर ती कंठ्य. मग खाज घालवणारी, जंत मारणारी, उचकी थांबवणारी, खोकला हरणारी, ताप उतरवणारी. यातला दीपनीय गट वाचताना तर आपण स्वयंपाकघरातच शिरतो: पिंपळी, पिंपळमूळ, चवक, चित्रक, आले, अम्लवेतस, मिरे, अजमोदा, बिब्ब्याची बी आणि हिंग. बिब्बा आणि चित्रक वगळले, तर उरलेल्यात आपल्या आमटीचा बराचसा संसार आला.

पन्नास गुणिले दहा, पाचशे. पण शिष्य अग्निवेश हिशेबाला पक्का. तो म्हणतो, आचार्य, हे पाचशे भरत नाहीत, तीच ती द्रव्ये निरनिराळ्या गटांत पुन्हा येताहेत. शंका अगदी रास्त आहे. एकटी पिंपळीच बघा. ती दीपनीयात आहे, कंठ्यात आहे, खोकल्याच्या गटात आहे, उचकीच्या आहे, पोटशुळाच्याही आहे. त्यावर आत्रेय जे सांगतात ते मला सगळ्या अध्यायाचे मर्म वाटते. एकच माणूस अनेक कामे करतो, आणि जे काम करतो त्या कामाचे नाव त्याला मिळते, औषधाचेही तसेच. म्हणजे मोजायची ती झाडे नव्हेत, मोजायची ती कामे. पाचशे हा आकडा कामांचा आहे.

या उत्तराने अग्निवेशाचे समाधान झाले, पण मांडणी करणाराची अडचण काही सुटली नाही. एक वस्तू पाच कप्प्यांत ठेवायची तर कप्प्यांचा उपयोग काय? सुश्रुताने सदतीस गण केले आणि त्यांना बहुतेक करून गणातल्या पहिल्या औषधाचे नाव दिले. काम त्या नावाखाली सांगितले. वाग्भटाने अष्टांगहृदयात तेहतीस गण दिले. प्रत्येकाने कप्पे आपापल्या सोयीने पाडले, आणि विद्यार्थ्याला पाठ करायला तिन्ही आले.

बरे, काम आधीच ओळखावे म्हटले तर चवीवरून ते ओळखता येते, असा आयुर्वेदाचा मूळ विश्वास. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. त्यापुढे गुण, वीर्य, विपाक. बहुतेक वेळा हा हिशेब जुळतो. पण चित्रक आणि दंती ही जोडी आली की गाडी अडते. दोन्ही तिखट, दोन्ही उष्ण, पचल्यावरचा विपाकही दोन्हींचा तिखटच. तरी चित्रक पचन सुधारतो आणि दंती पोट धडधडून रिकामे करते. का? चरक आणि वाग्भट दोघांचे उत्तर एकच: प्रभाव. म्हणजे तिचा स्वभावच तसा. मला हा शब्द पळवाट वाटत नाही. सिद्धान्त जिथे पुरा पडला नाही तिथे अनुभवाला पहिला मान द्यायचा, असे ठरवून ठेवलेली ती खूण आहे. आणि एकदा प्रभाव मान्य केला, की कामावरून केलेल्या यादीला पर्याय उरत नाही. दंती काय करते हे चवीतून निघणार नसेल, तर ते कुठेतरी लिहूनच ठेवले पाहिजे.

मगिलाच्या वंशजांनी या याद्या घोकल्या असतील तेव्हा डोंगर-वाळवंटांपलीकडे चीनमध्ये हाच खटाटोप चालू होता. शेन्नोंग या पुराणातल्या सम्राटाच्या नावावर असलेला तिथला सर्वांत जुना औषधग्रंथ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराला सिद्ध झाला असे मानतात. त्यात ३६५ औषधे, वर्षाच्या दिवसांइतकी. त्यांच्या तीन प्रती आणि प्रतीला दरबारी हुद्दे. वरची १२० ती राजे: ती आयुष्य पोसतात, विषारी नसतात, कितीही दिवस घ्या. मधली १२० मंत्री, प्रकृती सांभाळणारी. खालची १२५ हाताखालचे कामगार: रोग तीच मोडतात, पण पुष्कळशी विषारी, तेव्हा काम झाले की बंद. ज्येष्ठमध वरच्या पंगतीत, सुंठ मधल्या, आणि रेवंदचिनी खालच्या. रेवंदचिनी! जुन्या दुकानांत आजही याच नावाने मागतात, आणि तिच्या नावातच तिचा मुलूख सांगितलेला आहे.

इथे फरक लक्षात येतो. चरकाने विचारले की औषध काय करते. शेन्नोंगच्या ग्रंथाने त्याआधी विचारले की ते किती दिवस घेता येईल. दुसरा प्रश्नही शहाणपणाचा आहे. दुकानात जाऊन वाटेल ते चूर्ण वर्षभर फाकणाऱ्या आपल्या लोकांना तो विचारायला हवा. पुढे पाचव्या-सहाव्या शतकात ताओ होंगजिंग याने औषधांची संख्या दुप्पट, ७३० केली. मुख्य मांडणी त्याने दगड, झाडे, प्राणी अशी जातीवर नेली, पण शेजारी रोगवार यादीही दिली: अमक्या दुखण्याला ही ही औषधे. म्हणजे त्यालाही कळले होते की एका मांडणीने भागत नाही. इ.स. ६७१मध्ये निघून नालंदेला दहा वर्षे राहिलेला यिजिंग हा भिक्षू तर दोन्हीकडचे औषधाचे बाजार बघून आलेला. चारशेंवर औषधी आमच्या देशात, अशी बढाई त्याने मारली आहे, पण हिरडा मात्र इकडे उदंड, हेही नोंदले आहे. हिरड्याचे कौतुक परक्याच्या तोंडून ऐकायला बरे वाटते.

आता देवगिरीला येऊ. शहरातून वेरूळकडे जाताना तो तुटलेल्या कड्यांचा डोंगर डावीकडे दिसतो. आपण त्याला दौलताबाद म्हणतो आणि भुलभुलैया, खंदक, तोफा बघून परततो. तेराव्या शतकात इथे नुसते सैन्य नव्हते. सिंघण यादव (सुमारे १२१० ते १२४७) गादीवर होता तेव्हा त्याच्या दप्तराचा मोठा अधिकारी होता शार्ङ्गदेव. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. त्याने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हा भारतीय संगीताचा आधारग्रंथ, आणि त्याच्या सुरुवातीलाच गर्भ कसा वाढतो, शरीरात हाडे किती, नाड्या कशा, याचे प्रकरण आहे! गाण्याच्या पुस्तकात अस्थिगणना बघून आजचा वाचक चक्रावतो. पण शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत होता, आणि नाद शरीरातून निघतो, तेव्हा आधी शरीर समजून घ्या, एवढा साधा त्याचा हिशेब. देवगिरीच्या हवेतच ही सवय असावी. कुठलाही विषय हाती घेतला की त्याला मुळापासून कप्पे पाडायचे.

याच शतकात केशव नावाच्या वैद्याने 'सिद्धमंत्र' लिहिला. केशवाचे घराणे विदर्भातले, वरदेच्या काठच्या सार्थ गावचे. वरदा म्हणजे आपली वर्धा असे मानले जाते. ग्रंथ लहान आहे. पण त्यात त्याने जे केले ते तोवर इतक्या कडकपणे कुणी केले नव्हते. त्याने झाड, मूळ, फळ, धान्य, दूध, मांस असे वर्ग बाजूला ठेवले. पन्नास महाकषायही बाजूला ठेवले. आणि एकच प्रश्न धरला: हे द्रव्य वात, पित्त, कफ यांचे काय करते?

त्यातून आठ कप्पे निघाले. वात कमी करणारे, पित्त कमी करणारे, कफ कमी करणारे, हे तीन. वात आणि पित्त दोन्ही, कफ आणि वात दोन्ही, कफ आणि पित्त दोन्ही, हे आणखी तीन. तिन्ही दोष शमवणारे, ते दोषघ्न. आणि आठवा कप्पा उलट्या बाजूचा, दोष वाढवणारे ते दोषल. आत पोटकप्पेही आहेत, कारण वात मारताना पित्त भडकवणारे द्रव्य निराळे आणि न भडकवणारे निराळे. कागदावर आकृती काढून बघा. तीन गोष्टींचे जेवढे संयोग होऊ शकतात तेवढे सगळे आले, एकही सुटला नाही, एकही दुबार आला नाही. अग्निवेशाची पाचशेची शंका इथे उद्भवतच नाही. पिंपळी उचकीवर चालते की खोकल्यावर, हा प्रश्न केशव घेतच नाही. तिचा दोषांशी संबंध काय, एवढे ठरले की तिची जागा ठरली.

हे वाचताना मला नेहमी सरकारी दप्तराची आठवण होते, आणि ती कुचेष्टेने नव्हे. देवगिरीचे राज्य करणाधिपांचे, म्हणजे कागद सांभाळणाऱ्यांचे राज्य होते. आलेला कागद कुठल्या बासनात जायचा याची शंका राहता कामा नये, हा कारकुनी धर्म. केशवाने औषधांची बासने तशी बांधली. समोर रोगी आहे, त्याचा वात आणि कफ वाढला आहे. कफवातघ्नाचे बासन सोडा, आतले आपल्याकडे असेल ते काढा. हिरव्या हंगामात एक वनस्पती मिळते, उन्हाळ्यात दुसरी. एकाची जागा दुसऱ्याने घ्यायची तर ती याच आधारावर घेता येते.

गमावलेही बरेच, हे सांगितले पाहिजे. जंत मारणारे वावडिंग आणि खोकल्याची रिंगणी ही दोन्ही कफ-वाताच्या एका बासनात गेली, तर जंताच्या पोराला रिंगणी द्यायची का? चरकाचा पन्नास गटांचा पसारा इथे शहाणा ठरतो. तो ओबडधोबड आहे, पण दुखण्याच्या जवळ आहे. केशवाचे कप्पे रेखीव आहेत आणि दुखण्यापासून एक पायरी लांब. मला विचाराल तर मी परीक्षेला केशव घेऊन जाईन आणि रोग्याकडे चरक.

ग्रंथ फार थोडक्यात लिहिलेला, तेव्हा त्याचा उलगडा कुणी करायचा? मुलाने. बोपदेव हे नाव संस्कृत व्याकरणवाल्यांना 'मुग्धबोधा'मुळे माहीत असते. बंगालात पिढ्यान्‌पिढ्या मुले संस्कृत शिकली ती या विदर्भी माणसाच्या व्याकरणावर. 'मुक्ताफल', 'हरिलीला' हे भागवतावरचे ग्रंथही त्याचेच. पण स्वतःची ओळख देताना तो काय सांगतो? धनेश्वराचा शिष्य आणि भिषक् केशवाचा मुलगा. बापाच्या 'सिद्धमंत्रा'वर त्याने 'प्रकाश' नावाची टीका लिहिली. शंभर श्लोकांची 'शतश्लोकी' लिहिली, त्यात चूर्णे, गुटिका, अवलेह, तुपे, तेले, काढे. आणि तिसरे एक छोटे पुस्तक लिहिले, 'हृदयदीपक'.

या 'हृदयदीपका'ने मला हसवले. हा निघंटू, म्हणजे औषधी नावांचा कोश. बापाने औषधे कामावर लावली. मुलाने ती कशावर लावावीत? नावे किती जागा खातात यावर! ज्या वनस्पतीची पर्यायी नावे श्लोकाचे चारही चरण भरतील ती पहिल्या वर्गात. तीन चरणांची दुसऱ्यात, दोन चरणांची तिसऱ्यात, एका चरणाची चौथ्यात. मग दोनच नावे असलेल्या, मग एकच नाव असलेल्या, आणि शेवटी एका नावाच्या अनेक वस्तू व इतर संकीर्ण. वैद्याच्या घरात व्याकरणकार जन्मला की असे होते. पण चेष्टा बाजूला ठेवली तर ही रीत पाठांतराची आहे. गुरुजी शिष्याला विचारू शकतात, चार चरणांची सांग, तीन चरणांची सांग, आणि कुठे चुकले ते छंदच दाखवून देतो. गांध्याची मांडणी ती हीच: नाव. ती या घरात मुलाकडे आली आणि वैद्याची मांडणी बापाकडे राहिली. पितळखोऱ्यातले दोघे तेराशे-चौदाशे वर्षांनी एका घरात नांदू लागले असे म्हणायला हरकत नाही.

या दोघांवर छत्र धरणारा हेमाद्री. महादेव यादवाचा (१२६१ ते १२७१) आणि पुढे रामचंद्राचा श्रीकरणाधिप. मराठी माणसाला तो हेमाडपंत म्हणून माहीत. चुना न वापरता बांधलेली देवळे, मोडी लिपी, बाजरीसुद्धा लोकांनी त्याच्या खात्यावर घातली आहे. यातले खरे किती हा वाद जुना आहे आणि इथे त्याचे काम नाही. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा त्याचा प्रचंड ग्रंथ व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे यांच्या याद्यांचा. पण याच राज्यकारभाराच्या माणसाने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. सूत्रस्थानावरची ती चांगली भरघोस मिळते, पुढची तुटक. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ती अरुणदत्ताच्या टीकेबरोबर छापली, म्हणून आजही आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याला वाग्भटाचे तेहतीस गण शिकताना देवगिरीच्या प्रधानाची शिकवणी मिळते. वसुलीचे कागद बघून झाल्यावर हा गृहस्थ रात्री दिव्यापाशी बहाव्याचा आणि निशोत्तराचा विचार करत बसत असेल, हे चित्र मला त्याच्या देवळांपेक्षा जास्त खरे वाटते.

कामावरून वर्गीकरणाची गोष्ट देवगिरीपुरती नव्हती. काळच तसा होता. याच सुमाराच्या 'शार्ङ्गधरसंहिते'ने, आणि हा शार्ङ्गधर संगीतवाल्या शार्ङ्गदेवाहून वेगळा, कामांची व्याख्याच करून टाकली. आम, म्हणजे न पचलेला अंश, पचवत नाही पण अग्नी पेटवते ते दीपन, जशी बडीशेप. आम पचवते पण अग्नी पेटवत नाही ते पाचन, जसे नागकेशर. दोन्ही करतो तो चित्रक. मग पोट साफ करणाऱ्यांच्या पायऱ्या बघा. मळ पक्व करून, त्याचा बांध मोडून खाली नेते ते अनुलोमन, हिरडा. अजून न पिकलेले, चिकटून बसलेले ओढून नेते ते स्रंसन, बहावा. गाठी फोडून पाडते ते भेदन, कुटकी. पिकले-न पिकलेले सगळे पातळ करून वाहून नेते ते रेचन, निशोत्तर. आपण ज्याला सरसकट 'जुलाबाचे औषध' म्हणून मोकळे होतो त्याच्या चार पायऱ्या, आणि प्रत्येकीला एकेक ओळखीचा साक्षीदार. केशवाने नकाशा काढला, शार्ङ्गधराने त्यावरच्या शब्दांना अर्थ दिले. वैद्यांच्या घराघरांत शार्ङ्गधरच टिकला यात नवल नाही.

आणि केशवाच्या थोडा आधी, उत्तर चीनमध्ये जिन घराण्याच्या राज्यात, झांग युआनसू नावाचा वैद्य शंभरेक औषधांचे पाच गट करत होता: वर चढणारी, तरंगणारी, मधे बदल घडवणारी, उतरणारी आणि बुडणारी. अमुक औषध शरीरात कुठल्या वाटेने जाते हेही तो सांगू लागला. केशवाने झांगचे नाव ऐकले असण्याचा प्रश्नच नाही. पण दोघांनाही शेकडो वर्षांच्या लांबलचक यादीचा कंटाळा आला होता आणि दोघांनीही यादी मोडून तिच्या मुळाशी तीन-पाच हालचाली शोधल्या. चीनमध्ये ही रीत लगेच जिंकली नाही. १५९६मध्ये छापून निघालेल्या ली शिझेनच्या ग्रंथात १८९२ औषधे आहेत, आणि ती पाणी, अग्नी, माती, वनस्पती, कीटक, मासे, पक्षी, पशू, माणूस अशी जातवार लावलेली. पुढे १७६९मध्ये हुआंग गोंगशिऊने पुन्हा कामावर पुस्तक बांधले: पोषण करणारी, आवळून धरणारी, पांगवणारी, बाहेर काढणारी. आज चिनी औषधांची पाठ्यपुस्तके कामावरच लावलेली असतात.

देवगिरीला एवढी उसंत मिळाली नाही. १२९६मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक किल्ल्याखाली येऊन ठेपला. १३१७ पर्यंत यादवांचे राज्य पुसले गेले. १३२७मध्ये मुहम्मद तुघलकाने याच डोंगराला राजधानी केले, नाव दौलताबाद, आणि दिल्लीच्या माणसांबरोबर हकिमी विद्याही दख्खनेत आली. हकिमांचे कप्पे वेगळे: उष्ण की शीत, कोरडे की ओले, आणि प्रत्येकाच्या चार इयत्ता. पहिल्या इयत्तेचे उष्ण म्हणजे कळणार नाही इतके. चौथ्या इयत्तेचे म्हणजे जिवावर बेतेल असे. वैद्य सुंठ 'उष्ण' म्हणून थांबतो, हकीम विचारतो की उष्ण, पण कितव्या इयत्तेत? शहरात वैद्य आणि हकीम दोघांची दुकाने पुढे शेकडो वर्षे चालली, आणि गिऱ्हाईक दोघांकडेही जात राहिले.

सोळाव्या शतकात दौलताबाद निजामशाहीत होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी गोव्याहून एक पोर्तुगीज डॉक्टर येत असे, गार्सिया द ऑर्टा. त्याने १५६३मध्ये गोव्यात छापलेल्या संवादग्रंथात इकडची औषधे वर्णिली आहेत, आणि ती लावली आहेत वर्णानुक्रमाने. कामही नाही, चरणही नाही, सरळ बाराखडी. त्यात एक प्रकरण चीनच्या मुळीचे आहे. पोर्तुगीज जहाजांनी फिरंगरोग आणला आणि त्यांच्याच जहाजांतून त्यावरचा म्हणून चीनचा हा कंद आला. भावमिश्राने 'भावप्रकाशा'त त्या रोगाला 'फिरंग' म्हटले आणि कंदाला 'द्वीपांतर वचा', म्हणजे बेटावरचे वेखंड. आपण त्याला चोपचिनी म्हणतो. परदेशी आली तरी वैद्याने तिची चव, वीर्य, काम ठरवून तिला आपल्या निघंटूत बसवून घेतले. कप्पे असले की नवा पाहुणा बसवता येतो.

सगळ्या कप्प्यांचे पुढे काय झाले ते मी पाहिले ते जुन्या शहरातल्या एका काष्ठौषधीच्या दुकानात. अरुंद दुकान, भिंतीला छपरापर्यंत पत्र्याचे डबे, त्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि बऱ्याचशा चिठ्ठ्यांवरची अक्षरे उडालेली. वर छताला कसल्याशा मुळ्यांची जुडी टांगलेली. हवेत सुंठ, वेखंड आणि जुन्या पोत्यांचा मिळून एक वास. एक बाई आली आणि चिठ्ठीवरचे नाव वाचू लागली, "काकडशिंगी, अतिविष..." दुकानदाराने तिला मधेच थांबवले. "नाव नको, काम सांगा. कोणासाठी पाहिजे?" सुनेला मुलगा झालेला, दीड महिन्याचा. तेवढ्यावर त्याचे हात चालू लागले. कुठल्याही चिठ्ठीकडे न बघता त्याने हळकुंड, वेखंड, हिरडा, बेहडा, मुरडशेंग, जायफळ, ज्येष्ठमध, काकडशिंगी, अतिविष, खारीक, बदाम असे एकेक काढून कागदाच्या पुड्यांत बांधले. बाळगुटीचा संच. पैसे देताना बाईंनी विचारले, सर्दी असली तर? "मग ज्येष्ठमध, काकडशिंगीचे वेढे वाढवायचे. पोट फुगलं तर मुरडशेंगेचे."

वेढे हा शब्द मी खूप वर्षांनी ऐकला. आमच्या आजीची सहाण मधोमध खोलगट झालेली होती. न्हाऊ घातल्यावर ती सहाणेवर आईच्या दुधाचे दोन थेंब टाकायची आणि मुळी धरून उगाळायची, गोल, एका लयीत. हिरड्याचा एक वेढा, शी झाली नसेल तर दोन. वेखंडाचा अर्धाच, ते उग्र. जायफळ मोजून एकदा, रात्रीच्या झोपेपुरते, त्यावर नाही. मुळ्या एका डबीत एकत्रच असायच्या, सगळ्या उगाळून उगाळून सारख्याच मातकट झालेल्या. आजी डबीत बोटे घालायची आणि न बघता हवी ती काढायची. नंतर चांदीच्या बोंडल्याने चाटवायची, ओठाच्या कडेला ओघळलेले बोटाने पुसायची, आणि उरलेला लगदा सहाणेवरून पदराने निपटून ती भिंतीला टेकवून ठेवायची, वाळायला.